जेनोव्हाच्या चर्चबाहेर काढलेले बूट

मी आठवीत शाळा सोडली, आणि तरी मला इटलीला पाठवलं. या वाक्यातला 'तरी' माझा नाही, आमच्या मॅडमचा आहे. "शिकलेले चार जण आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या होत्या, "पण मशीन उघडून परत जोडल्यावर ज्यांच्या हातात नटबोल्ट उरत नाहीत असे तुम्ही एकटेच." पुण्यात याला कौतुक म्हणतात, हे कळायला मला काही वर्षं लागली होती.

मॅडमचा कारखाना धायरीत आहे. मिठाईची, औषधांची, साबणाची खोकी बनवतो आम्ही. छापलेला पुठ्ठा एका बाजूने घातला की घडी पडून, गोंद लागून दुसऱ्या बाजूने खोकं बाहेर येतं, असं एक जुनं पण दणकट मशीन त्यांनी इटलीतल्या एका कारखान्याकडून घेतलं. तिथे जाऊन ते सुटं करायचं, कंटेनरमध्ये भरायचं आणि धायरीत आणून परत उभं करायचं, हे माझं काम. वायरिंग माझ्या मित्राकडे. तो लोणी काळभोरचा, घरी उसाची शेती, स्वतः आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. मी यवतमाळकडचा, वीस वर्षं झाली बिबवेवाडीत राहतोय. आम्ही कुठेही गेलो की तो पुढे चालतो आणि मी मागून, तो काय काय विसरलाय ते उचलत.

काळजी करणं हा माझा स्वभाव आहे, लपवण्यात अर्थ नाही. बायकोने बनियनला आतून खिसा शिवून दिला होता, त्यात पासपोर्ट. तो जागेवर आहे ना, हे मी दिवसातून इतक्या वेळा छातीवर हात ठेवून बघायचो की तिथल्या कारखान्यातल्या लोकांना वाटलं, हा माणूस फार नम्र आहे. तेही मग छातीवर हात ठेवून मान झुकवायचे. तीन आठवड्यांत सगळ्या कारखान्याला मी ती सवय लावली.

आता वहीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मशीन सुटं करताना प्रत्येक भागावर आणि तो जिथे बसतो त्या जागेवर सारखी खूण करायची असते. शिकलेला माणूस आकडे टाकतो, छापील चिकटपट्ट्या लावतो. मॅडमनी मला तशा पट्ट्या दिल्या होत्या, सोबत भरायला एक तक्ता, सगळं इंग्रजीत. पट्ट्या मी लावल्या, पण माझा भरवसा माझ्या चित्रांवर. पिवळ्या रंगाने मी कापसाचं बोंड काढतो, विळा, बैलाचं शिंग, चूल, पाळणा. कामाला लागलो तेव्हा ड्रॉइंगवरचं इंग्रजी वाचता यायचं नाही आणि तसं सांगायची लाज वाटायची, तेव्हाची ही युक्ती. बोंडाला बोंड लागतं, विळ्याला विळा. पण आधी कुठलं बसवायचं, नंतर कुठलं, कुठल्या रुळाखाली पातळ पत्र्याचे किती तुकडे घालायचे, हे वहीत. त्यात शब्द नाहीत. चित्रं, बाण आणि टिंबं. माझ्याशिवाय ती कुणाला वाचता आली नसती, आणि तक्ता मी भरतोय अशी मॅडमची समजूत होती. तक्ता कोरा होता. वही तळहाताएवढी, माझ्या उस्तादाने दिलेल्या चामड्याच्या कमरेच्या पिशवीत कायम. जेवतानासुद्धा मी ती काढत नसे.

चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी फोन आला की कंटेनर सोमवारी नाही, मंगळवारी येईल. मशीन पूर्ण सुटं होऊन जमिनीवर मांडलेलं होतं. करायला काही उरलं नव्हतं. कारखान्याचं ते गाव म्हणजे चारी बाजूंनी मक्याची शेतं आणि मध्ये एक चौक.

"दोन दिवस काय करायचं?" मी विचारलं.

"समुद्र बघायचा."

"कुठला?"

"हितला. जेनोव्हा म्हणून शहर हाय. तीन तास लागत्यात. बस सव्वादहाला हाय."

"आत्ता दहाला पाच कमी आहेत."

"मग बूट घाल की लेका, माझ्याकडं काय बघतोस?"

बूट माझ्याकडे एकच जोड होता. कारखान्यातले, पुढे लोखंडी टोपी असलेले, या कामासाठी नवे घेतलेले. ते घातले, पावात अंड्याची भुर्जी भरून घेतली, पुण्याहून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा तळ पुडीत बांधला आणि धावलो. कमरेला पिशवी होतीच.

"ही कशाला?" मित्र म्हणाला. "समुद्राला नट आवळायचेत का?"

"खोलीवर ठेवली आणि कुणी नेली म्हणजे?"

"कोण नेईल? त्यात तुझे बैल काढल्यात."

पिशवी कमरेलाच राहिली.

जेनोव्हाबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे जे दिसलं ते सगळं फुकटात मिळाल्यासारखं वाटलं. शहर डोंगराला चिकटलेलं आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने दारात शिरायचं. वर, सहा-सहा मजले वर, दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या. आणि चढ फार म्हणून तिथे सरकारी लिफ्ट आहेत. इमारतीच्या नव्हे, शहराच्या. आपण बसमध्ये चढतो तशी माणसं पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये चढतात आणि वरच्या पेठेत उतरतात. लाकडी बाकांची एक लिफ्ट मला एवढी आवडली की मी मित्राला घेऊन चारदा खालीवर केलं. दाराचा आवाज, थांबताना न बसणारा हिसका, सगळं नीट ऐकलं. वरच्या गच्चीवरून पाटीच्या काळ्या दगडाची छपरं, बंदरातल्या क्रेन आणि त्यांच्यामागे समुद्र दिसत होता.

"समुद्र तिकडं हाय," मित्र म्हणाला, "आणि हा लिफ्टच्या दाराकडं तोंड करून उभा."

जेवण असं झालं. एका गल्लीत भट्टी होती आणि काचेआड परातीएवढ्या तांब्याच्या ताटात पिवळं काहीतरी भाजलेलं. स्वस्त होतं आणि ऊन होतं, म्हणून घेतलं. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. हरभऱ्याचं पीठ! तेल, मीठ, पाणी, बस.

"आपलं पिठलंच हाय की," मित्र म्हणाला. "ताटात विसरून ऱ्हायलेलं."

मी चटणीची पुडी उघडली. चार आठवडे झाले होते घर सोडून, आणि पिठावर चटणी पडल्याबरोबर माझ्या तोंडून "वा रे वा बाप्पा" निघालं. "आलं वऱ्हाडी बाहेर," मित्र म्हणाला. भट्टीवाल्यालाही बोटभर चटणी दिली. त्याने खोकून खोकून डोळे पुसले आणि अजून एक तुकडा आमच्या कागदात टाकला. संध्याकाळी बंदरावर पाय लोंबकळत सोडून बसलो. आठ खाटांच्या स्वस्त खोलीत झोपलो. मी एकदाही पासपोर्ट तपासला नाही. म्हणजे दोनदाच.

रविवारी परतीची बस दीडची होती. सकाळी हिंडताना एक चर्च लागलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. प्रार्थना नुकतीच संपली होती, माणसं बाहेर पडत होती. मी म्हणालो, "इथपर्यंत आलोय तर हात जोडून येऊ." मला खरंच कुणाचे तरी आभार मानायचे होते. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणीतरी विमानात बसवतं आणि तो रविवारी समुद्रावरच्या शहरात पिठलं खातो, हे आपोआप घडत नाही.

बाजूच्या दाराच्या ओवरीत जाळीचे तीन-चार ट्रे मांडलेले होते. त्यात बूट, लहान मुलांच्या चपला, बायकांचे सँडल, जोडीने नीट लावलेले. वर पाटीही होती.

"बघ," मी म्हणालो, "चप्पल स्टँड आहे. किती शिस्त आहे लोकांना."

बूट काढले. आणि मग हात आपोआप कमरेला गेला. आमच्या गावाकडच्या देवळात चामड्याची वस्तू आत नेत नाहीत. पट्टा, पाकीट, सगळं पायरीवर. लहानपणी कानावर दोनदा बसली होती त्यावरून. ते अंगात इतकं मुरलंय की मी विचारसुद्धा केला नाही. पट्टा काढला, त्याला अडकवलेली पिशवी गुंडाळली आणि उजव्या बुटात सरकवली.

मित्राने बूट काढले, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून काखेत मारले. "गणपतीत दोनदा गेल्यात माझे," तो म्हणाला. "देव चांगला असतोय, बाहेरची माणसं न्हाय."

"पुण्यातली," मी म्हणालो. "हे इटली आहे."

आत सगळे बूट घालून बसले होते. ते मी पाहिलं, नाही असं नाही. म्हातारी माणसं आहेत, फरशी गार आहे, त्यांना सूट असेल, असं मनाशी ठरवलं. मागच्या बाकावर बसलो. अर्धा तास असेन. ज्यांनी मला काम शिकवलं, ज्यांनी पहिल्या वर्षी झोपायला जागा दिली, ज्यांनी पासपोर्टचा अर्ज भरून दिला, एकेकाला आठवून हात जोडले. यादी मोठी होती. आज वाटतं, जरा लहान असती तर बरं झालं असतं.

बाहेर आलो तर बूट नव्हते. ट्रेही नव्हते. ओवरी झाडून काढलेली होती.

मी मोज्यांवर उभा राहिलो. आधी मला बूटच आठवले. मग हात कमरेला गेला. "काऊन बे," मी म्हणालो, "काऊन काढली मी ती?" सुट्या मशीनचे शेकडो तुकडे, त्यांच्यावर बोंडं आणि विळे, आणि कुठलं कशाच्या आधी हे जगात एकाच जागी लिहिलेलं. मॅडमनी कर्ज काढून घेतलेलं मशीन, माझ्या शब्दावर.

आतून एक आजी आल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. चर्चचं बघणाऱ्यांपैकी असाव्यात. मित्राने फोनमध्ये मराठीत बोलून तो त्यांच्यापुढे धरला. त्या इटालियनमध्ये बरंच बोलल्या. फोनने सगळं ऐकून घेतलं आणि बातम्या वाचाव्यात तशा आवाजात सांगितलं, "तुमची पादत्राणे गरिबांकडे गेली आहेत."

दर रविवारी लोक गरिबांसाठी कपडे आणि बूट ट्रेमध्ये ठेवून जातात. प्रार्थना संपली की गाडी येते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात नेते. तिथून बरंचसं त्याच दुपारी वाटलं जातं. गोदामात आजींनी फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. गोदाम गाठून दीडची बस मिळाली नसती, आणि रविवारची शेवटची बस तीच. मग माझ्या मोज्यांकडे बघितलं, हात धरला आणि मला एका खोलीत नेलं. तिथे मांडणीवर काही जोड उरलेले होते. माझा पाय त्यांनी नजरेने मोजला आणि तपकिरी रंगाच्या, आत लोकर असलेल्या घरच्या सपाता माझ्यापुढे ठेवल्या. कागदात बांधलेला पावही दिला.

मी गरीब नाही, मी फिटर आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण सकाळी आभार मानायला मीच आलो होतो, आणि पायात तर काही नव्हतं. सपाता घातल्या. छातीवर हात ठेवला. त्यांनीही ठेवला. चिठ्ठीवर चर्चचा पत्ता लिहून दिला आणि पिशवी सापडली तर ठेवून घेऊ असं फोनकरवी सांगितलं.

बसस्टॉपवर मित्र म्हणाला, "एवढं काय होतं त्या वहीत? तक्ता हाय की खोलीवर."

"तक्ता कोरा आहे."

"कोरा?"

"मला तसं लिहिता येत नाही. चित्रात येतं."

मला वाटलं हसेल. तो उठला, समोरच्या दुकानात गेला आणि शाळेची वही आणि पेन घेऊन आला. मुखपृष्ठावर मांजर होतं.

"बोल," बस निघाल्यावर तो म्हणाला. "मी लिव्हतो."

"काय बोलू? सगळं वहीत होतं."

"वहीत कुणी घातलं? आजीनं? डोळं मीट आन् जोडायला लाग."

मी डोळे मिटले. आधी काहीच दिसेना. मग हात उचलले आणि हवेत पहिली चौकट धरली, पाळण्याची खूण असलेली, आणि हाताला तिचं वजन लागलं. तिच्यामागून दुसरी आली. "डावीकडची चौकट आधी," मी म्हणालो, "चार बोल्ट, पण खालचे दोन अर्धेच आवळायचे, नाहीतर आडवा दांडा शिरत नाही." तो लिहीत होता. मी दांडा सरकवला, बेअरिंग बसवलं, पट्टा ओढून बघितला. पलीकडच्या सीटवरच्या बाई दोन सीट मागे जाऊन बसल्या. मित्र मध्येमध्ये विचारायचा, "अर्धंच का?" आणि मला कारण सांगावं लागायचं. कारण मी याआधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. बोलताना लक्षात येत गेलं की मला हे येतं. नुसतं आठवत नाही, येतं. आवाज मोठा झाला असावा, कारण ड्रायव्हरने आरशात बघितलं.

गाव आलं तेव्हा गोंदाच्या भागापर्यंत पोहोचलो होतो. उरलेलं सोमवारी सकाळी, मांडलेल्या तुकड्यांमधून सपाता घालून फिरत पूर्ण केलं. एकच गोष्ट हाती लागेना. शेवटच्या दाबाच्या रुळाखाली, डाव्या बाजूला, पत्र्याचे तुकडे दोन होते की तीन. सुटं करताना सगळे एकाच डब्यात टाकले होते. हात दोन्ही म्हणत होता.

"तीन लिव्हू?" मित्र म्हणाला.

"नाही. कोरं सोड. मॅडमना फोन करतो."

"कशापायी? सगळं लिव्हलंय आता. कळणार हाय का त्यास्नी?"

"तो रूळ चुकला तर सगळी खोकी तिरकी येतील. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता कळू दे."

फोनवर मी सगळं सांगितलं. चर्च, पट्टा, वही, कोरा तक्ता. आठवीचंही परत सांगितलं, जसं काही त्यांना माहीत नव्हतं.

"अहो," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही चित्रं काढता हे मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? पंधरा वर्षं माझ्या प्रत्येक मशीनवर कापूस पिकतोय. तक्ता मी दिला होता तो तुम्ही कधीतरी सांगाल म्हणून. देवाला भेटायला गेलात आणि बूट देऊन आलात, हे एक नवीन कळलं. तो रूळ इथे आल्यावर बघू. आणि सपाता घालून लोखंडाजवळ फिरू नका."

कंटेनर मंगळवारी भरला. तिथल्या लोकांनी मला दोन दिवसांपुरते बूट दिले.

धायरीत मशीन उभं करायला बरेच दिवस लागले. मांजराची वही दिव्याखाली लटकवलेली होती आणि मी न बघता बोलायचो, मित्र बघून म्हणायचा, "बरोबर." शेवटच्या रुळाखाली मी दोन तुकडे घातले. मॅडम स्वतः येऊन उभ्या राहिल्या. पहिलं खोकं बाहेर आलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. एक कोपरा वर उचललेला.

"हे खोकं आहे की पतंग?" त्या म्हणाल्या.

तिसरा तुकडा सरकवला, आवळलं, परत चालू केलं. हे खोकं टेबलावर असं बसलं की जणू तिथेच उगवलंय. मॅडमनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे केलं. मांजराच्या वहीतल्या कोऱ्या जागेत मी लिहिलं: डावीकडे तीन. माझ्या अक्षरात ती एवढीच ओळ आहे. बाजूला एक बोंडही काढलं.

वही आता मशीनच्या दाराला साखळीने अडकवलेली असते. दुसऱ्या पाळीचे लोक तिच्यात बघून रूळ काढतात, परत बसवतात, मला बोलवत नाहीत. सुरुवातीला ते लागलं. आता दुपारी वेळ मिळतो, त्या वेळात हे लिहिलं.

ते पहिलं सरळ खोकं आजींना पाठवायचं ठरवलं. "रिकामं पाठवणार?" मॅडम म्हणाल्या, म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरली, तिखट जरा कमी करून. चिठ्ठीवरचा पत्ता मीच अक्षर अक्षर बघून उतरवला. दोन महिन्यांनी चर्चच्या चित्राचं एक कार्ड आलं. मित्राच्या फोनने वाचून दाखवलं की पिशवी सापडली नाही, लाल पावडर सगळ्यांनी खाल्ली, आणि बूट एका माणसाला मिळाले जो बंदरात कामाला जातो.

म्हणजे चांगल्या पायात गेले. डावा करंगळीपाशी थोडा चावतो, हे मात्र त्याला सांगायचं राहून गेलं.